डाव्या गाडीतले सोमाजीमामा

सोमाजीमामा कुठेही निघाले, की चप्पल पायात सरकवता सरकवता आपल्याला कशाकशाचं भेव लागलं आहे ते मोठ्यानं सांगत. शेजारच्या गावच्या बाजाराला जायचं असलं तरी. "नाल्यात पाणी असन, मले त्याचं भेव लागून राह्यलं. मोहाखाली अस्वल असन, तिचंबी लागून राह्यलं. बाजारात ठाणेदार भेटन, तो 'काय सोमाजी' म्हणन, त्याचं तं सकाळपासून लागून राह्यलं." मामी दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकून घेई आणि मामा दम घ्यायला थांबले की विचारी, "झालं का जी? येताना मीठ आणजा." मग मामा निघत. नाला ओलांडत, मोहाखालून जात, ठाणेदाराला रामराम करत आणि मीठ घेऊन परत येत. भेवापायी त्यांचं एकही काम अडलेलं मी पाहिलं नाही. फक्त निघायला वेळ लागे.

त्यांचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या जंगलात. घरापुढे किराण्याचं छोटं दुकान, मागे धानाच्या बांध्या. त्या भागात दिवस बुडाला की कोणी वाघाचं नाव घेत नाही. फार तर 'तो' म्हणतात, आणि तेही आवाज खाली करून. मामा मात्र ओसरीवर बसून त्याला नावानिशी भीत. शेजारीपाजारी वैतागत. "सोमाजी, दिवस बुडाल्यावर तरी तोंड आवर गा," म्हणत. मामा म्हणत, "मी का त्याले बलावून राह्यलो? मी तं भेऊन राह्यलो."

मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. माझ्या पुण्याकडच्या व्याह्यांना हे सांगितलं, की म्हातारपणी माझं बोलणं उलटसुलट होऊ लागलंय असं समजून ते मला प्रेमानं सुधारतात. पण आमच्याकडे आहे तसं. भाचा म्हणजे बहिणीच्या घरचा मान. त्याला जेवू घालावं, त्याला दुखवू नये, आणि त्याच्यावर हुकूम तर कधीच सोडू नये. एका वर्षी मी नागपुरात कायद्याच्या परीक्षेत पुन्हा एकदा आपटून मामांकडे तोंड लपवायला आलो होतो. तरी पिकल्या मिशांचा हा माणूस अंगणात वाकला, माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "या, वकील आले." त्यात टोमणा अजिबात नव्हता. म्हणून तर जास्त लागलं.

हुकूम सोडता येत नसल्यामुळे मामांची माझ्याशी बोलायची एक रीत ठरून गेली होती. मी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलो, तर 'उतर तिथून' असं त्यांना म्हणता येत नसे. ते जवळ येऊन उभे राहत आणि म्हणत, "मले त्या काठाचं भेव लागून राह्यलं." एवढं बोलून माझ्याकडे बघत राहत. मला वाटे, मामा भित्रे आहेत. भित्रे ते होतेच. त्या भेवात माझ्यासाठी काही सांगणं असतं, हे माझ्या पदवीधर डोक्यात शिरायला मोटारगाडी यावी लागली.

मामीची दोन बाळंतपणं वाटेतच फसली होती. दोन्ही वेळा आठव्या महिन्यात कळा लागल्या, दोन्ही वेळा बैलगाडीत घालून नेताना जंगलातच मूल गेलं. दुसऱ्या वेळी मामीही जाता जाता राहिली. आलापल्लीच्या पुढे तेव्हा एका मिशनचा लहानसा दवाखाना होता. तिथल्या परदेशी डॉक्टरनं तिला वाचवलं. हा डॉक्टर अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोले. त्यानं मामांना बजावून सांगितलं, की पुन्हा दिवस राहिले तर आठवा महिना लागायच्या आत हिला चांद्याच्या मोठ्या दवाखान्याजवळ नेऊन ठेवायचं, आणि नेताना बैलगाडी नको, हाडं खिळखिळी करणारी सर्विस मोटारही नको. चांगल्या स्प्रिंगांची गाडी पाहिजे, ती हळू चालवायची. मामा म्हणाले, "अशी गाडी मले कोण देईन?" वर्षभरानं दवाखाना बंद करून डॉक्टर आपल्या देशी निघाला, तेव्हा मामांच्या अंगणात त्यानं आपली मोटार आणून उभी केली, किल्ली मामांच्या हातात ठेवली आणि लाकडाच्या ट्रकमध्ये बसून निघून गेला.

ती गाडी त्यानं आपल्या देशातून बोटीनं आणली होती. जुनी होती, काळी होती, आणि तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. कंपनीचं नाव गावात कोणाला उच्चारता येईना, म्हणून लोक तिला 'डावी' म्हणू लागले. मामांनी तिला गवताच्या मांडवाखाली झाकून ठेवलं आणि रोज सकाळी लांबूनच पाहून घेतलं. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. पुढे मामीला तिसऱ्यांदा दिवस राहिले. त्याच सुमारास मी कायदा सोडून मिळवलेलं एकमेव प्रमाणपत्र, म्हणजे मोटार चालवायचं लायसन, खिशात घालून तिथं पोचलो. माझ्या आईनंच मला धाडलं होतं. वकील म्हणून माझा कोणाला उपयोग नव्हता, पण ड्रायव्हर म्हणून त्या पंचक्रोशीत मी एकटाच होतो.

पहिल्याच दिवशी कोंबड्या हाकलून, मामांना शेजारी बसवून मी गाडी रस्त्यावर काढली. माझी ऐट बघण्यासारखी होती, पण ती जंगलखात्याच्या नाक्यापर्यंतच टिकली. आडवा बांबू खाली होता आणि नाकेदार गाडीभोवती फिरून पाटी वाचायचा प्रयत्न करत होता.

"हा नंबर तं तिकडचा आहे जी," तो म्हणाला. "मंग गाडीबी तिकडंच चालवा. इकडं चालवाची तं इकडचा नंबर पायजे."

मामा खाली उतरले. ठाणेदारानंतर त्यांना भेव होतं ते या नाकेदाराचंच. तरी ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "उद्या हिच्यात माही बायको असन. दुखत असन तिचं. तरी थांबवशीन का गा?"

नाकेदार दुसरीकडे बघू लागला. "मले काऊन विचारता, सोमाजीभाऊ? सोडलं तं माही नोकरी जाईन. थांबवलं तं माही झोप जाईन. नंबर आणा ना, दोनी वाचतीन."

चांद्यापर्यंत असे नाके आणखी होते. तेव्हा आधी डावीला पास करून घेणं आलं. कागदांचं म्हणाल, तर डॉक्टरनं जकातीपासून सगळे नीट ठेवले होते. कागदांनी आम्हाला कधी दगा दिला नाही. दगा दिला असता तर मला निदान वकिली दाखवता आली असती. मोटारी तपासणारे साहेब नागपूरहून चांद्याला महिन्याकाठी एकदा येत. त्यांच्यापुढे गाडी न्यायची परवानगी ठाण्यातून मिळाली. चालवणारा आणि सोबत एक जण, सवारी घ्यायची नाही, या अटीवर. ती आणताना मामा ठाणेदारापुढे एवढे कापत होते, की त्यानं त्यांना बसायला पाट दिला.

दिवाळी होऊन गेली होती. आष्टीजवळ वैनगंगेचं पाणी ओसरलं, की रेतीवर तुराट्या आणि गवत अंथरून वाट करतात आणि उरलेल्या धारेवर लाकडी रपटा टाकतात. त्या रपट्यावरून गाडी नेताना मामांनी फळी न् फळी भिऊन घेतली. चांद्याला साहेबांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवला, ब्रेक तपासले. बारीक चणीचे, चष्म्याचे, शांत गृहस्थ. शांतपणाचीच भीती वाटावी असे. शेवटी त्यांनी मला विचारलं, "उजवीकडे वळताना हात कसा दाखवणार?"

मी म्हणालो, "मी डावीकडे बसतो साहेब. उजवीकडे मामा बसतात. ते दाखवतील."

"मामा नसतील तेव्हा?"

"ते असतातच."

"कायद्यात मामाची तरतूद नाही," साहेब म्हणाले. "डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला उजवीकडून बाहेर येणारं खुणेचं यंत्र पाहिजे, आणि ते चालवणाऱ्यानं स्वतः हलवलं पाहिजे. लावून आणा. पुढच्या महिन्यात बघू."

मामीला सहावा लागला होता. पुढचा महिना हाताशी होता. त्याच्या पुढचा नव्हता. परत येताना मामा फळ्यांनाही भ्याले नाहीत. एकदाच म्हणाले, "मले त्या साहेबाच्या पुढच्या महिन्याचं भेव लागून राह्यलं."

असलं यंत्र चांद्यात मिळेना, आणि नागपुराहून मागवलं तर कधी येईल याचा भरवसा नव्हता. पण त्या दिवसांत आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि वडशाहून नाटकमंडळी येतात. शेजारच्या गावी उतरलेल्या एका मंडळीत पडदे रंगवणारा, मुकुट-गदा घडवणारा एक कारागीर होता. मामा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, दोरी ओढली का वर उठन असा एक हात पायजे.

"कोणाचा हात पायजे?" त्यानं विचारलं. "राजाचा का साधूचा?"

मामा विचारात पडले. "साहेबाले पटला पायजे. सरकारी मान्साचा हात कसा असते?"

"पसरलेला असते जी."

"तसा नोको," मामा घाईघाईनं म्हणाले. "साधूचा दे."

त्यानं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा कोपरापासूनचा हात केला. बोटं जुळवलेली, रंग गुलाबी. सवयीनं मनगटावर सोन्याचं कडंही रंगवून टाकलं होतं. ते पाहून साहेब रागावतील म्हणून मामांनी रॉकेलनं घासून काढलं. उजव्या दाराला हात लावला आणि त्याची दोरी पुढून माझ्या गुडघ्यापाशी आणली. ओढली की कर्र करून तो उभा राही. पहिल्या दिवशी समोरून येणारे बैल रस्ता सोडून बांधीत शिरले, आणि डोक्यावर मोळी असलेल्या एका म्हातारीनं मोळी खाली टाकून हात जोडले. मामी तर हसता हसता खाली बसली. मामा म्हणाले, "हसू नको ना. मले त्या हसण्याचं भेव लागून राह्यलं." तिनं तोंडावर पदर धरला, पण खांदे हलतच होते.

दुसऱ्या खेपेला साहेब स्वतः माझ्या शेजारी, उजव्या सीटवर बसले. मामांना मागे जावं लागलं. ते उजव्या खिडकीतून मान बाहेर काढून बसले. साहेबांनी गाडी गावाबाहेर न्यायला लावली. पुढे सागाच्या ओंडक्यांनी भरलेली बैलगाडी रस्ता अडवून चालली होती, आणि तिच्यापुढे काय आहे ते मला डावीकडून दिसत नव्हतं. आलापल्लीपासून चांद्यापर्यंत अशा प्रत्येक गाडीमागे मामाच शेजारून सांगत आले होते, आता भेव आहे, आता नाही. मी ते ऐकत होतो, तरी मनात वाटत होतं, ही सगळी माझीच करामत आहे.

"हिच्या पुढे काढा," साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष लाकडी हाताकडे होतं. मी दोरी ओढली. हात झोकात वर गेला. मागून मामांचं "मले भेव" एवढं ऐकू आलं, पण परीक्षा माझी होती आणि साहेबांचा हुकूम होता. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"थांब."

मामा असं कधी बोलले नव्हते. मला तर नाहीच, पण दुकानातल्या उधार नेणाऱ्यांनाही नाही. माझा पाय मला न विचारता ब्रेकवर गेला. बैलगाडीच्या आडून बांबूनं भरलेला ट्रक आला आणि आम्ही जिथं असतो तिथून निघून गेला. लोंबणाऱ्या बांबूंची टोकं डावीच्या अंगावरून खरखरत गेली आणि लाकडी हाताचा अंगठा तोडून घेऊन गेली.

धूळ खाली बसली. मग मागचं दार उघडलं. मामा गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले, माझं दार उघडलं आणि भर रस्त्यात वाकून माझे पाय धरले. "भाच्यावर हुकूम केला. माफ करा, वकील."

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चिरकला होता. मी आमचा रिवाज सांगितला. सांगताना माझे दात वाजत होते, त्यामुळे किती समजलं असेल कोण जाणे. साहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

"ब्रेक चांगले आहेत," ते शेवटी म्हणाले. नंतर बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "गाडी पास करतो. हाताचा अंगठा बसवून घ्या. आणि हे गृहस्थ उजव्या सीटवर नसतील तर ही गाडी काढू नका."

"हो जी," मामा मागून म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

इकडचा नंबर रंगवून आम्ही परत आलो, तेव्हा नाकेदारानं तो एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं वाचला. बांबू वर करताना तो हसत होता.

मामीला न्यायचा दिवस ठरला. गावातल्या बायांनी मामांना घेरून बजावलं, "सोमाजीभाऊ, वाटेनं भेवाचं नाव काढू नका. पोटातलं ऐकते. भेलं तं आधीच बाहेर येईन." मामांनी कबूल केलं. त्या सकाळी चप्पल घालताना ते काहीच बोलले नाहीत. मामी चौकटीला टेकून सवयीनं थांबली होती. तीही मग मुकाट्यानं येऊन गोधड्यांवर आडवी झाली.

सकाळ होती, पण धुकं एवढं, की गाडीच्या तोंडापुढची दोन झाडं दिसत आणि मग पांढरा पडदा. मी डावीकडच्या गवताच्या कडेला धरून चालवत होतो. उजवीकडचं अर्धं जग मला नव्हतंच. मामा तिथं बसले होते, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून, ओठ गच्च मिटून. मी त्यांच्याकडे तोंड वळवून पाहिलं, की ते मान हलवत आणि मागे खूण करत, ती ऐकते म्हणून. मी आयुष्यात अनेकदा भ्यालोय, सासऱ्यांना भ्यालोय, साहेबाला भ्यालोय. पण त्या धुक्यात मामांचं ते न बोलणं ऐकत जेवढा भ्यालो, तेवढा कधी नाही. आतापर्यंत गाडी मी चालवत होतो, असा माझा समज होता.

धुक्यातून एकदम बैलाचं शिंग दिसलं. एक बैलगाडी इतकी जवळून गेली, की तिच्या चाकाचा आस डावीला घासत गेल्याचा आवाज आला. मामांचं अंग मागे रेललं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. मी गाडी थांबवली.

"काऊन थांबलो?" मामीनं विचारलं.

"मामी, मला उजवीकडचं दिसत नाही. मामा बोलत नाहीत."

बाहेर कुठेतरी मोर ओरडला. मामी उठून न बसता तशीच म्हणाली, "बोला जी तुमी. तुमी चूप राह्यले तं मले वाटते, काई तरी झालं. या पोरानं आतापर्यंत तुमचंच भेव ऐकलं आहे. ते बंद झालं तं तेबी भेईन."

मामांनी घसा साफ केला. "पुढं मोरी आहे, उजवीकडं तुटली आहे, मले तिचं भेव लागून राह्यलं." मी डावीकडे घेतली. "बंडी येऊन राह्यली, लाकडाची." मी बैलगाडीला वाट देत थांबलो. "गेली. आता नाई लागून राह्यलं." असं करत आम्ही जंगल ओलांडलं. त्यांचा आवाज मंद, एका सुराचा, अखंड. मागून मामीचा श्वास सावकाश येऊ लागला. तिला डुलकी लागली असावी असं मला वाटलं.

वैनगंगेवर धुकं सर्वांत दाट होतं. पाणी ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. चाकं रपट्यावर चढली आणि फळ्या एकेक करून वाजू लागल्या. मामांनी मान बाहेर काढली होती. "या फळीचं भेव लागून राह्यलं. हिचं नाई. कडेचं लागून राह्यलं, जरा डावीकडं. पाण्याचं लागून राह्यलं." आणि त्याच सुरात, बाहेर पाहतच, "तू जाशीन याचं लागून राह्यलं. मागच्या बारीपासून लागून राह्यलं. कोणाले सांगतलं नाई."

फळ्या वाजत होत्या. मी पुढे पाहत राहिलो.

"ते मले माहीत आहे," मामी म्हणाली. ती जागी होती. "आता समोर पाहा."

चांद्याला ती दवाखान्याजवळच्या एका खोलीत राहिली आणि दिवस पूर्ण भरल्यावर तिला मुलगी झाली. मी आतून निरोप घेऊन बाहेर आलो, तेव्हा मामा व्हरांड्याच्या अगदी टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते. आतला आवाज सगळीकडे ऐकू येत होता.

"रडून राह्यली का ते?" त्यांनी न वळता विचारलं.

"ऐकू येत नाही का, मामाजी?"

"येऊन राह्यलं. पण तुमी सांगा."

मी सांगितलं, रडते आहे. मग ते वळले.

पुढे मी नागपूरला जाऊन नोकरीला लागलो. वकिलीशी दूरान्वयानंही संबंध नसलेल्या. गावातल्याच एका तरुणानं लायसन काढलं आणि तो डावी चालवू लागला. आजूबाजूच्या गावांतून, आतल्या गोंडांच्या पाड्यांतून कोणाची बाई अडली की माणूस धावत मामांच्या दुकानात येई. दर वेळी मामा चप्पल घालत, भेव सांगत आणि उजव्या सीटवर जाऊन बसत. पावसाळ्याच्या चिखलात, उन्हाळ्याच्या वणव्यात, दुकान उघडं टाकून. गाडीत बसायचं भेव त्यांना शेवटपर्यंत होतं. दोन-चार मैल गेलं की घामानं सदरा भिजे.

एकदा मी त्यांना समजावलं. "मामाजी, साहेब आपले तसंच बोलले होते. तो कायदा नाही. सर्टिफिकेटवर तसं काही लिहिलेलं नाही. दुसरं कोणीही बसलं तरी चालतं."

"साहेब बोलले ना?"

"बोलले, पण—"

"मंग झालं. मी नाई बसलो अन् नाक्यावर धरलं, तं मागं बाई असन ना गाडीत." माझ्या कायद्याच्या ज्ञानावर विश्वास न ठेवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. मामी आतून म्हणाली, "त्याइले गाडीचं भेव आहे, अन् साहेबाचं त्याहून जास्त. म्हणून बसतेत." मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो.

मामा जाऊन आता काळ लोटला. त्यांना मी शेवटचं हिंडताफिरतं पाहिलं तेव्हा डावीचं इंजिन कायमचं बसलं होतं आणि सरकारनं तिथल्या दवाखान्याला रोगी न्यायला नवीकोरी गाडी दिली होती. उजव्या स्टिअरिंगची. मामा मला ती दाखवायला घेऊन गेले. आता नाका नाही, साहेब नाही, मामांना विचारणारं कोणी नाही, या विचारानं मला त्यांच्यासाठी बरं वाटत होतं. त्यांनी काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली. ड्रायव्हर बोनेट पुसत होता.

"तू इकडं बसतं," मामा त्याला म्हणाले. "तिकडं कोण बसते?"

"कोणी नाई जी. रिकामीच राह्यते जागा."

"बाई मागं राह्यते, तवाबी?"

"तवाबी रिकामीच."

मामा त्या रिकाम्या सीटकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली, चपला पायरीखाली नीट जुळवून काढल्या, दाराला धरून मोठ्या कष्टानं वर चढले आणि त्या जागेवर बसले. ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागला. मामा काचेतून समोरचा रस्ता पाहत होते.

"उद्या कोणाले न्याचं आहे?" त्यांनी विचारलं.